पुण्यात बेघर, बिनकागदाच्या माणसाला मदत मिळवून देताना: काय मागायचं, कुठं आणि कोणत्या क्रमानं

स्वारगेटच्या एसटी स्थानकाबाहेर, पुणे स्टेशनच्या मालधक्क्याजवळ किंवा मंडईच्या आवारात झोपणाऱ्या माणसाला मदत करायला गेलेले लोक बहुतेक वेळा पहिला प्रश्न विचारतात, "आधार कार्ड आहे का?" पहिल्या दिवशी हा प्रश्न काढूच नका. निवारा, तातडीचा उपचार, मानसिक आजारावरचे उपचार, मुलाचा शाळाप्रवेश आणि वकिलाची मदत या पाच गोष्टी कागद नसतानाही मिळायला हव्यात आणि नेट लावला तर मिळवता येतात. रेशन, पेन्शन, बँक खातं यांना मात्र कागद लागतो, आणि तो एका ठरावीक क्रमानंच तयार होतो. क्रम चुकला की माणूस तीन कार्यालयांमध्ये सहा महिने फिरतो आणि शेवटी कंटाळून पुन्हा फुटपाथवर जातो.

पहिल्या रात्री

आधी हद्द बघा. पुण्यात एका चौकात दोन हद्दी भेटतात आणि नेमकी तिथंच जबाबदारी टोलवली जाते. पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड महापालिका, पुणे आणि खडकी कॅन्टोन्मेंट बोर्ड हे सगळे वेगळे. स्टेशनच्या आवारात लोहमार्ग पोलीस आणि रेल्वे सुरक्षा दल, आवाराबाहेर पाऊल टाकलं की शहर पोलीस. माणूस कुठं झोपतो ते खुणेसकट लिहून घ्या: कुठल्या दुकानासमोर, कुठल्या खांबाजवळ. ही ओळ पुढं मतदार नोंदणीलाही कामाला येते.

पुणे महापालिकेत बेघरांचं काम समाज विकास विभागाकडं आहे. क्षेत्रीय कार्यालयात (ढोले पाटील रस्ता, भवानी पेठ, कसबा-विश्रामबागवाडा, शिवाजीनगर-घोले रस्ता वगैरे) या विभागाच्या समूह संघटिका असतात. कोणत्या निवाऱ्यात आज जागा आहे, बायकांसाठी कोणता, कुटुंबासाठी कोणता, हे त्यांना विचारा. कार्यालय बंद असेल तर महापालिकेचा १८००-१०३०-२२२ हा टोल फ्री क्रमांक आहे. तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या, नुसतं बोलणं करून फोन ठेवू नका. जखमी किंवा शुद्ध हरपलेल्या माणसासाठी १०८, धोका असेल तर ११२, एकटं मूल दिसलं तर १०९८, म्हाताऱ्या माणसासाठी १४५६७.

निवाऱ्यात काय मिळायला हवं, हे माहीत असलं की मागता येतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये अन्नाच्या हक्काच्या खटल्यात मोठ्या शहरांना लाखामागं एक निवारा उभारायला सांगितलं. २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानानं तोच निकष घेतला: दर एक लाख लोकसंख्येमागं ५० माणसांचा कायमस्वरूपी निवारा, बारा महिने चोवीस तास उघडा, माणशी ५० चौरस फूट जागा, पाणी, संडास, वीज, स्वयंपाकाची सोय. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाखांवर होती, म्हणजे तेव्हाच्याच हिशेबानं ३१ निवारे हवेत. त्यानंतर वाघोलीसकट किती गावं शहरात आली. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच वाघोलीत केसनंद फाट्याजवळ फुटपाथवर झोपलेल्या, अमरावतीहून कामासाठी आलेल्या मजुरांवर डंपर गेला आणि तिघं दगावले, त्यात दोन लहान मुलं होती. कामासाठी आलेल्या कुटुंबाला रात्रीपुरतं छप्पर देणं ही शहराची गरज आहे, कुणावर केलेला उपकार नव्हे.

माणूस निवाऱ्यात यायला नाही म्हणतो, त्याला "यांना रस्ताच आवडतो" असं म्हणून सोडून देऊ नका. नकाराची कारणं ठरलेली असतात आणि बहुतेकांवर उपाय असतो. नवरा-बायकोला वेगळं झोपवतात. भंगाराची पोती, हातगाडी आत घेत नाहीत, बाहेर ठेवली तर सकाळी जाग्यावर नसते. मार्केटयार्डात पहाटे माल उतरवायला जाणाऱ्या हमालाला निवाऱ्याचं दार बंद-उघड होण्याची वेळ जमत नाही. दारू पिऊन आत घेत नाहीत. आणि सर्वांत मोठी भीती म्हणजे ही गाडी भिक्षेकरी गृहात नेईल. म्हणून गाडी कुठं चालली आहे, तिथून सकाळी बाहेर पडता येईल का, सामान कुठं ठेवायचं, हे माणूस गाडीत बसण्याआधी स्पष्ट सांगा. समूह संघटिकेकडं सामानासाठी पावती देण्याची आणि पहाटे दार उघडण्याची मागणी लेखी करा, ती मान्य होते असा अनुभव येतो. बोलताना अहो-जाहोच करा. साठीच्या माणसाला "ए बाबा" म्हणून उठवलं की तो पुढचं काही ऐकत नाही.

ती भीती उगीच नाही. १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात लागू आहे. त्यात पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात, आणि भीक मागण्याच्या व्याख्येत "उदरनिर्वाहाचं दिसण्याजोगं साधन नसताना भटकणं" हेही येतं. पहिल्यांदा दोषी ठरवलं तरी एक ते तीन वर्षं संस्थेत ठेवता येतं. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये यातली मुख्य कलमं रद्द केली, पण ती दिल्लीपुरती. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रस्त्यावर भीक मागण्यावर बंदी घालायला नकार दिला, गरिबीच तशी वेळ आणते असं म्हटलं, तरी आपल्याकडचा कायदा जागच्या जागी आहे. त्यामुळं जो माणूस कष्टाचं काम करतो त्याच्याकडं कामाचा काहीतरी कागद असू द्या. मुकादमाची चिठ्ठी, कचरावेचकाला कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीचं ओळखपत्र, फेरीवाल्याचं प्रमाणपत्र, काहीही. पकडलंच तर २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढं उभं करावं लागतं, अटकेचं कारण सांगावं लागतं आणि नातेवाईक किंवा मित्राला कळवावं लागतं. तो मित्र म्हणून तुमचं नाव आणि नंबर त्याच्या खिशात असला पाहिजे.

आजारी माणूस

अपघात किंवा अत्यवस्थ अवस्था असेल तर कुठल्याही डॉक्टरनं आधी जीव वाचवायचा, कागद-पोलीस मागाहून. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे १९८९ मध्येच सांगितलं. ससूनला नेताना सोबत एक माणूस थांबवा. केसपेपरवर "अनोळखी" लिहून घेतलं जातं तेव्हा नाव, अंदाजे वय, अंगावरच्या खुणा, कुठून आणलं आणि कुणी आणलं, एवढं सांगून लिहून घ्या. पुढं नातेवाईक शोधताना तेवढ्याच चार ओळी हाती राहतात. खरी अडचण घरी सोडण्याच्या दिवशी येते, कारण घरच नसतं. पायाला रॉड टाकलेल्या माणसाला दुपारी गेटबाहेर सोडलं की जखम चिघळून तो पंधरवड्यात परत येतो. म्हणून दाखल झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी वॉर्डच्या वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकांना भेटा. सोडण्याची तारीख किमान दोन दिवस आधी कळवा, निवाऱ्यात खालची जागा ठेवायची आहे, असं सांगून ठेवा.

सरकारी रुग्णालयात सोय नसेल तर धर्मादाय रुग्णालयं आहेत. पुण्यात ती भरपूर आहेत आणि त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे वर्षाला १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तातडीच्या वेळी अनामत रकमेवाचून दाखल करून जीव वाचवण्यापुरते उपचार करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. "खाट शिल्लक नाही" असं सांगितलं तर ते लेखी मागा आणि धर्मादाय सहआयुक्त कार्यालयाला त्याच दिवशी कळवा. लेखी मागितल्यावर उत्तर पुष्कळदा बदलतं.

रस्त्यावर एकट्यानं बोलत फिरणाऱ्या, कपड्यांचं भान नसलेल्या माणसाबाबत लोक हात टेकतात, पण कायदा इथं सर्वांत स्पष्ट आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम १००. अशा भटकणाऱ्या आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या व्यक्तीला संरक्षणात घेणं हे त्या हद्दीच्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखाचं कर्तव्य आहे. २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीला न्यायचं, कोठडीत ठेवायचं नाही. व्यक्ती बेघर असेल तर हरवलेल्या माणसाची नोंद करून घरच्यांचा शोध घेणंही पोलिसांकडंच आहे. कलम १८ म्हणतं की बेघर किंवा निराधार व्यक्तीला मानसिक उपचार मोफत, दारिद्र्यरेषेचं कार्ड हातात असो वा नसो. पोलीस ठाण्यात जाताना कलम १०० ची मराठी प्रत सोबत न्या, अर्ज दोन प्रतींत द्या, एकीवर शिक्का घ्या. येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात थेट सोडून यायचा प्रयत्न करू नका. पोलिसांची नोंद आणि तपासणीचा कागद नसेल तर दारातून परत यावं लागतं. सल्ल्यासाठी १४४१६ हा टेली मानसचा क्रमांक चोवीस तास चालतो.

जेवणाचं थोडक्यात. शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० पासून, दहा रुपयांत: दोन चपात्या, वाटीभर भाजी, वाटीभर वरण, एक मूद भात. केंद्र चालू आहे का ते सकाळीच बघा, थाळ्या ठरलेल्या संख्येच्या असतात आणि दुपारी लवकर संपतात. हमाल पंचायतीची 'कष्टाची भाकर' ही स्वस्त जेवणाची सोय आहे, गुरुद्वाऱ्यात लंगर असतो.

कागद: आधी शोधा, मग काढा

फुटपाथवरच्या पुष्कळ लोकांचं आधार कधीतरी गावाकडं निघालेलं असतं. पावसात भिजलं, चोरीला गेलं, महापालिकेच्या गाडीनं पथारीसकट उचलून नेलं. "नाही" म्हणणाऱ्याचं नवं आधार काढायला बसलात तर ठसे जुन्या नोंदीशी जुळतात आणि महिन्याभरानं अर्ज दुबार म्हणून फेटाळला जातो. म्हणून आधार केंद्रावर आधी बोटांच्या ठशांवरून जुना क्रमांक शोधून द्यायला सांगा. चौकशीसाठी १९४७.

खरोखर नसेल तर रस्ता असा. आधार कायद्याचं कलम ५ ज्यांना कायमचं घर नाही त्यांच्यासाठी खास सोय करायला सांगतं. प्रत्यक्षात ती सोय म्हणजे आधार प्राधिकरणाचा प्रमाणपत्राचा ठरावीक नमुना. त्यावर मान्यताप्राप्त निवारागृहाचे अधीक्षक किंवा प्रमुख, राजपत्रित अधिकारी, आमदार, खासदार किंवा नगरसेवक सही करू शकतात. ओळख आणि पत्ता दोन्हीसाठी तो चालतो. तीनच महिने वैध असतो. आधीच सगळ्यांचे भरून ठेवले आणि केंद्रावरची वेळ उशिरा मिळाली तर फुकट जातात. फेटाळला जाण्याची कारणं अगदी बारीक असतात: फोटोवर अर्धा आणि कागदावर अर्धा असा शिक्का नसणं, एका अक्षरावरची खाडाखोड, सहीखाली पदनाम नसणं, झेरॉक्स नेणं. नमुन्यातली प्रत्येक ओळ केंद्रावर जाण्याच्या आदल्या दिवशी वाचून बघा. पहिली नोंदणी मोफत आहे. कुणी पैसे मागितले तर पावती मागा.

अठरा वर्षांवरच्या माणसाची नवी नोंदणी सगळ्या केंद्रांवर होत नाही. कुठं होते ते आधी विचारा. नंतर राज्याच्या यंत्रणेकडून पडताळणी होते आणि त्यात काही महिने जाऊ शकतात. तेवढे दिवस नोंदणीची पावती हाच पुरावा, तिचा फोटो काढून ठेवा.

बोटांचे ठसे हा कचरावेचक, बिगारी आणि वयस्क बायकांसाठी रोजचा त्रास आहे. सिमेंट आणि काचेनं बोटांची कातडी गुळगुळीत झालेली असते, यंत्राची काच लाल दिवा दाखवत राहते, मागं रांग ओरडायला लागते. आदल्या रात्री हाताला खोबरेल लावून सकाळी साबणानं स्वच्छ धुवा, बोट पुसून थोडं ओलसर ठेवा, आणि दहाही बोटं तपासायला लावा. तरी नाही आलं तर डोळ्यांच्या बुबुळावर नोंदणी होते. बोटंच नसतील तर अपवाद म्हणून नोंद करण्याची तरतूद आहे. ऑपरेटर "होत नाही" म्हणाला तर अपवादाची नोंद करा असं शांतपणे सांगा.

दोन चुका पुढं फार महागात पडतात. पहिली, जन्मतारीख. वयाचा पुरावा नसला की काहीतरी अंदाज ठोकला जातो, बहुतेक वेळा १ जानेवारी आणि मनाला येईल ते साल. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच दुरुस्त करता येते. सत्तरीच्या बाईला छप्पन्न वर्षांची लिहिली तर तिचं म्हातारपणाचं पेन्शन नऊ वर्षं लांबलं. वय शोधताना आठवणी विचारा: पानशेतचा पूर (१९६१) आठवतो का, कोयनेचा भूकंप (१९६७) झाला तेव्हा चालता येत होतं का, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेला होतात का, किल्लारीच्या वेळी (१९९३) मुलं केवढी होती. यातून दोन-चार वर्षांच्या आत वय मिळतं. दुसरी चूक, मोबाईल नंबर. कार्यकर्त्याचा नंबर वीस जणांच्या आधारला जोडला की पुढं प्रत्येक ओटीपीसाठी ती माणसं त्या कार्यकर्त्याच्या दाराशी, आणि तो शहर सोडून गेला की सगळ्यांचंच अडतं. माणसाचा स्वतःचा नंबर असेल तर तो द्या, नसेल तर ती जागा मोकळी सोडा.

आधार येईपर्यंत बँकेत "छोटं खातं" उघडता येतं, हे बँकेतल्यांनाही आठवण करून द्यावं लागतं. फोटो आणि बँक अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा, एवढ्यावर ते होतं. शिल्लक ५० हजारांपर्यंत, महिन्याला १० हजारांपर्यंत काढता येतात, वर्षभरात एकूण जमा १ लाखापर्यंत. मुदत १२ महिने. तोवर अधिकृत ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचं दाखवलं तर आणखी १२ महिने. रात्री उशाशी ठेवलेले पैसे चोरीला जाणं हे बेघर माणसाचं सर्वांत नेहमीचं नुकसान आहे, म्हणून हे काम पुढं ढकलू नका.

मतदार नोंदणीला घर लागत नाही. नमुना ६ मध्ये झोपण्याची जागा लिहायची. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री तिथं येऊन, एकापेक्षा जास्त रात्री, माणूस खरंच तिथं झोपतो का ते बघतो. मग पत्त्याचा कागद मागता येत नाही. अडचण एकच, अधिकारी येतो त्या रात्री माणूस कामावर असतो. फॉर्म दिल्यावर त्या अधिकाऱ्याशी वार ठरवून घ्या.

रेशनसाठी माणूस कुठला ते बघा. बीड, नांदेड किंवा बिहारमधलं कार्ड चालू असेल तर नवं काढू नका. "एक देश एक रेशन कार्ड" योजनेत पुण्यातल्या कुठल्याही रेशन दुकानात ठसा देऊन आपल्या वाटचं धान्य घेता येतं, आणि गावाकडचे लोक आपल्या वाटचं तिथं घेऊ शकतात. कुठल्या दुकानानं नाकारलं तर १४४४५. प्राधान्य गटात माणशी महिन्याला ५ किलो, अंत्योदयात कुटुंबाला ३५ किलो, आणि हे धान्य सध्या मोफत आहे. ई-केवायसी झालेली नसेल तर नाव गळतं, ते आधी तपासा. अजिबात कार्ड नसेल तर भागाच्या परिमंडळ कार्यालयात अर्ज. शहरात प्राधान्य गटासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५९ हजार आहे. आणि एक विचार आधी करा: निवाऱ्यात चूल नसेल तर तांदूळ घेऊन माणूस काय करणार? तिथं शिजवलेल्या जेवणाची सोय आधी बघायला हवी.

पेन्शन सगळ्यांत शेवटी, कारण तिला वरचं सगळंच लागतं. ६५ च्या आत संजय गांधी निराधार अनुदान योजना, ६५ पासून पुढं श्रावणबाळ. महिन्याला १५०० रुपये. दिव्यांगांसाठी ते २५०० करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. साधारण अट म्हणजे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत आणि राज्यात १५ वर्षं वास्तव्य. हे १५ वर्षं दाखवणं बेघर माणसाला सर्वांत जड जातं. जुना ससूनचा केसपेपर, मुलांच्या शाळेचा दाखला, जुनी मतदार यादी, कामगार ओळखपत्र, पोलीस ठाण्यातली एखादी जुनी नोंद, असं जे मिळेल ते वर्षाच्या क्रमानं लावून अर्जाला जोडा. अर्ज संजय गांधी योजनेच्या तहसीलदारांकडं. मंजुरी येऊनही पैसे येत नसतील तर बहुतेक वेळा खातं आधारशी जोडलेलं नसतं. बँकेत थेट लाभासाठी जोडणी करून द्या असं सांगा. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. निरोपाला पत्ता नसल्यानं तो चुकतो आणि पेन्शन गुपचूप बंद होते. निवाऱ्याच्या भिंतीवर नावं आणि महिने लिहून ठेवणं हा त्यावर साधा उपाय आहे.

परदेशी माणूस, ज्याच्याकडं वैध कागद नाहीत

इथं फार जपून पावलं टाका. कागद नसलेला भारतीय आणि परवाना नसलेला परदेशी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या भाषेवरून किंवा नावावरून ठरवायचा अधिकार निवाऱ्याच्या व्यवस्थापकाला नाही, आपल्यालाही नाही. बंगाली बोलणारा गवंडी मुर्शिदाबादचा असतो. २०२५ मध्ये पश्चिम बंगालच्या काही मजुरांना महाराष्ट्रातून उचलून बांगलादेशात ढकलल्याचं आणि मग परत आणावं लागल्याचं उघड झालं. अशा मजुराचा गावाकडचा पत्ता, सरपंचाचा आणि तिथल्या पोलीस ठाण्याचा फोन, आई-वडिलांच्या मतदार ओळखपत्राची प्रत आधीच मागवून ठेवा. प्रसंग आल्यावर मागवायला वेळ मिळत नाही.

नेपाळी माणूस परवान्याशिवाय इथं राहिला तर तो बेकायदा नसतो. नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांना व्हिसा लागत नाही, काम करता येतं आणि आधारही काढता येतं.

बाकीच्या परदेशी लोकांना १ सप्टेंबर २०२५ पासून आप्रवासन आणि परदेशी नागरिक कायदा, २०२५ लागू आहे. वैध पारपत्राशिवाय आल्यास पाच वर्षांपर्यंत कैद, व्हिसा संपून राहिल्यास तीन वर्षांपर्यंत, बनावट पारपत्र किंवा व्हिसा वापरला तर दोन ते सात वर्षं. राहायची जागा देणाऱ्याला, रुग्णालयाला आणि शिक्षणसंस्थेला परदेशी व्यक्तीची माहिती नोंदणी अधिकाऱ्याला कळवावी लागते. म्हणून निवाऱ्याच्या वहीत खोटं नाव, खोटा गाव लिहू नका. मदत करणारी संस्थाच अडकते आणि बाकीच्या पन्नास जणांचा निवारा धोक्यात येतो. त्या माणसालाही हे आधीच सांगा, त्याचा विश्वास मोडू नका. आणि कुणाच्याही म्हणण्यावरून एजंटाकडून आधार किंवा जन्मदाखला "करून" देऊ नका. राज्यात उशिराच्या जन्मनोंदींची २०२५ पासून कडक छाननी चालू आहे. खोट्या दाखल्यानं साध्या मुदतबाह्य व्हिसाचं प्रकरण फसवणुकीच्या गुन्ह्यात जातं आणि मग परतीची वाटही बंद होते.

तरीही त्याला हक्क आहेत. जगण्याच्या हक्काचं कलम २१ "व्यक्ती"ला लागू होतं, फक्त नागरिकाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये चकमा लोकांच्या प्रकरणात स्पष्ट केलं. तातडीचा उपचार नाकारता येत नाही. विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ स्त्रिया, मुलं, मानवी तस्करीचे बळी आणि कोठडीतल्या व्यक्तींना मोफत वकील देतं, त्यात नागरिकत्वाची अट नाही. पुण्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण शिवाजीनगर न्यायालयात आहे, क्रमांक १५१००. शिकायला आलेला आणि व्हिसा संपलेला विद्यार्थी पुण्यात अधूनमधून भेटतोच. त्यानं लपून राहण्यापेक्षा वकिलासोबत पोलीस आयुक्तालयातल्या परदेशी नागरिक नोंदणी विभागाकडं स्वतः जावं, दंड भरून मुदतवाढ किंवा देश सोडण्याचा परवाना मागावा. पकडलं गेल्यावर हेच सगळं फार अवघड होतं. छळामुळं देश सोडून आलेल्याला दिल्लीच्या संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयात नोंदणी करता येते. भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळं ते कार्ड म्हणजे राहण्याचा परवाना नव्हे, तरी अटकेच्या वेळी वकिलाच्या हाती काहीतरी असतं. फसवून वेश्याव्यवसायात आणलेली परदेशी बाई ही आधी गुन्ह्याची बळी आहे. तिच्यावर परदेशी नागरिक कायद्याचा खटला लावू नये अशी केंद्रीय गृह मंत्रालयाची २०१२ ची सूचना आहे. ती प्रत वकिलाला द्या.

मुलांबाबत घोळ घालू नका. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १४ सांगतं की वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि कलम ४ प्रमाणं वयाला साजेशा वर्गात बसवायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये रोहिंग्या मुलांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही शिक्षणात भेदभाव होणार नाही असंच म्हटलं. महापालिकेच्या शाळेत वर्षाच्या मध्येही प्रवेश होतो. मूल एकटं असेल तर २४ तासांत बालकल्याण समितीपुढं न्यावं लागतं. स्वतःच्या घरी ठेवून घेणं चांगल्या मनानं केलं तरी अंगाशी येतं.

कार्यालय दाद देत नसेल तर

तोंडी नकार स्वीकारू नका. अर्ज दोन प्रतींत, एकीवर आवक शिक्का. लोकसेवा हक्क कायदा, २०१५ खाली येणाऱ्या सेवेला पोचपावती आणि मुदत असते, मुदत चुकली तर अपील करता येतं. निवाऱ्यांची खरी स्थिती माहितीच्या अधिकारात विचारा: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराला ३० दिवस, जीविताचा प्रश्न असेल तर ४८ तास. प्रश्न नेमके घाला. महापालिकेचे निवारे कोणते, प्रत्येकाची क्षमता किती, गेल्या तीन महिन्यांतली रोजची हजेरी, निवारा व्यवस्थापन समितीच्या बैठकांची इतिवृत्तं, चालवणाऱ्या संस्थेला दिलेली रक्कम. "बेघरांसाठी काय केलं?" असं विचारलं तर एका पानाचं गोडगोड उत्तर येतं.

आणि प्रत्येक माणसाच्या कागदांच्या दोन झेरॉक्स काढा, एक निवाऱ्याच्या कपाटात, एक तुमच्या फाईलमध्ये. सगळ्यांचे फोटो त्याच्याच नावाच्या ईमेलवर किंवा डिजिलॉकरमध्ये. मूळ कागद मात्र त्याच्याकडंच राहू द्या, प्लॅस्टिकच्या झिपच्या पिशवीत. सुरक्षित राहावेत म्हणून स्वतःच्या ताब्यात ठेवणाऱ्या संस्था आहेत. त्या माणसानं उद्या गावी जायचं ठरवलं तर त्याला कुणाची परवानगी घ्यावी लागू नये.